हापूसची वाटाणा-गोटी गळ: एनएए, 13:0:45 आणि जिबरेलिक कधी, किती, आणि कधी नकोच

प्रश्न थोडक्यात असा: राजापूर तालुक्यात कातळावर हापूसची 120 कलमं आहेत, वय पंचवीसच्या आसपास. मोहोर भरपूर येतो, कणीही (नुकती धरलेली इवलीशी फळं) चांगली धरते, पण वाटाण्यापासून गोटीपर्यंत पोचता पोचता निम्म्याहून जास्त फळं खाली येतात. दुकानदाराने एनएए (फळगळ रोखणारं संप्रेरक), 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट खत), जिबरेलिक अॅसिड, बोरॉन आणि एक कीटकनाशक एकाच टाकीत घालून मारायला सांगितलं आहे, प्रमाण "पंपाला एकेक टोपण". हे बरोबर आहे का?

नाही. या पाचांतलं प्रत्येक औषध आपापल्या जागी उपयोगाचं आहे, पण त्यांच्या वेळा वेगवेगळ्या आहेत. बोरॉनची वेळ फुलं उमलायच्या आधीची, जिबरेलिकची भर मोहोराची आणि लगेच नंतरची, एनएएची वाटाण्याची. वाटाण्याला पाचही एकत्र मारली तर दोन वाया जातील आणि "टोपण" या मापामुळे एनएए उलटंही पडू शकेल. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी गळ कुठली ते पाहा. आंब्यात हजार संयुक्त (नर आणि मादी दोन्ही भाग असलेल्या) फुलांमागे एखादं फळ काढणीपर्यंत टिकतं, आणि हापूसमध्ये संयुक्त फुलांचं प्रमाणच कमी. एका मोहोरावर शेवटी एक फळ राहिलं तरी बाग चांगली म्हणायची. कणी ते वाटाणा या पहिल्या तीन-चार आठवड्यांतली बरीचशी गळ झाड स्वतःच करतं. परागीकरण झालेलं नसलं, किंवा झालं तरी आतला गर्भ मेला, की फळातून ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक तयार होत नाही. देठाच्या सांध्यापाशी पेशींचा एक पातळ थर असतो. फळाकडून देठाकडे ऑक्सिन वाहत असेपर्यंत तो थर घट्ट राहतो. प्रवाह आटला की तिथे इथिलीनचा (फळं-पानं पाडणाऱ्या वायुरूप संप्रेरकाचा) जोर चालतो, पेशींमधलं बंधन विरघळतं आणि फळ सुटतं. एनएए म्हणजे बाहेरून दिलेलं कृत्रिम ऑक्सिन. ते हा सांधा काही दिवस धरून ठेवतं. मेलेला गर्भ जिवंत करत नाही, झाडाला पाणी देत नाही, करपा बरा करत नाही. औषधाकडून अपेक्षा ठेवायची ती एवढ्याच कामाची.

म्हणून फवारणीआधी एक सकाळ खर्च करा. पाच-सहा कलमांखालची आदल्या रात्रीत पडलेली पन्नासेक फळं गोळा करा आणि ब्लेडने उभी चिरा. आतला कोवळा बाठा सुरकुतलेला, तपकिरी, फळ बाहेरून पिवळट आणि सोबतच्या फळांपेक्षा लहान असेल, तर ती परागीकरणाची गळ. देठाजवळ किंवा सालीवर काळे खोलगट डाग असतील तर करपा. पांढरी पूड आणि खरखरीत, फाटलेली साल दिसली तर भुरी. साल तपकिरी-करडी, खवल्यासारखी झाली असेल तर फुलकिडे. त्याची खात्री करायला पांढरा कागद मोहोराखाली किंवा कोवळ्या पालवीखाली धरून फांदी दोनदा झटका. पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे कागदावर पळताना दिसतील. कणीला बारीक भोक आणि आत अळी असेल तर मिजमाशी. आणि फळ हिरवंगार, निरोगी, बाठा आत पांढरा शाबूत, देठ सांध्यातून स्वच्छ सुटलेला, अशी फळं ढिगात जास्त असतील, तर ती पाण्याच्या ताणाची, उष्णतेची किंवा पुनर्मोहोराची गळ. एनएए, पोटॅशियम आणि जिबरेलिक यांचं काम या शेवटच्या ढिगापुरतं आहे. पन्नासातली तीस फळं काळ्या डागांची निघाली तर एनएएवर पैसे घालू नका, बुरशीनाशकाकडे वळा.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे कणी चांगली धरते, गळ वाटाणा-गोटीला आणि जमीन कातळ, पहिला संशय पाण्यावर आणि दुसरा पुनर्मोहोरावर जातो.

पुनर्मोहोर हे कोकणाचं खास दुखणं. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी लांबली किंवा मधेच परतली, की ज्या फांदीवर वाटाणा-गोटी धरलेली आहे तिलाच नवा मोहोर फुटतो. फांदीतलं अन्न नव्या मोहोराकडे ओढलं जातं आणि जुनी फळं गळतात. कल्टार (मोहोर लवकर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल) दिलेल्या, लवकर मोहोरणाऱ्या बागांत हे जास्त सतावतं, कारण थंडी येते तेव्हा तिथे फळं आधीच धरलेली असतात. ओळखायला सोपं आहे: गळ ज्या फांद्यांवर आहे त्याच फांद्यांच्या टोकाला कोवळे बोंगे (मोहोराचे कोंब) दिसतात का ते पाहा. दिसत असतील तर एनएए मारून फारसं साधत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची यावरची शिफारस जिबरेलिक अॅसिड 50 पीपीएमची आहे: पहिली फवारणी पुरेसा मोहोर आल्यावर, दुसरी फळधारणा झाल्यावर. हे औषध पुढचा मोहोर रोखतं. फुटलेला मोहोर परत घेत नाही. म्हणून बोंगे दिसल्यावर घाई करण्यात अर्थ नाही. ज्या कलमांना दरवर्षी हा त्रास होतो ती आधीच खूण करून ठेवा आणि तेवढ्यांनाच वेळेवर द्या. 120 कलमांना सरसकट मारण्याएवढं हे औषध स्वस्त नाही.

जिबरेलिकच्या मापात हमखास चूक होते, ती अशी. 50 पीपीएम म्हणजे लिटरमागे 50 मिलिग्रॅम शुद्ध औषध, म्हणजेच 20 लिटरला 1 ग्रॅम, 200 लिटरच्या बॅरलला 10 ग्रॅम. पाण्यात विरघळणारं 40 टक्क्यांचं दाणेदार औषध घेतलं तर बॅरलला 25 ग्रॅम. पण दुकानात "जिबरेलिक 0.001 टक्के" अशी जी बाटली मिळते ती आकडा लावून पाहा: 0.001 टक्के म्हणजे 10 पीपीएम. बाटलीतलं औषध एक थेंब पाणी न घालता फवारलं तरी 50 पीपीएम होत नाही! त्याचे पंपाला 30 मिली घालून "जिबरेलिक मारलं, उपयोग झाला नाही" म्हणणारे बागायतदार कमी नाहीत. त्यांनी व्यवहारात पाणीच फवारलेलं असतं. शुद्ध भुकटी घेतली असेल तर ती थेट पाण्यात नीट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग ते द्रावण ढवळत ढवळत पाण्यात सोडा. पाण्यात पांढरे कण तरंगताना दिसले तर अल्कोहोल कमी पडलं. बोर्डो मिश्रणाबरोबर (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) किंवा चुनखडीच्या पाण्यात ते देऊ नका. अल्कधर्मी पाण्यात जिबरेलिक टिकत नाही.

आता एनएए. बाजारात ते 4.5 टक्के द्रवरूपात येतं, म्हणजे 1 मिलीत साधारण 45 मिलिग्रॅम. साडेचार लिटर पाण्यात 1 मिली घातलं की 10 पीपीएम, 2 मिली घातलं की 20 पीपीएम. आंब्यात गळीसाठी 20 पीपीएम पुरेसं आहे. 15 लिटरच्या पंपाला ते पावणेसात मिली होतं, 200 लिटरच्या बॅरलला 90 मिली. टोपण कुठे 5 मिलीचं असतं, कुठे 10, कुठे 15. सुई काढलेली 10 मिलीची सिरिंज औषधांच्या दुकानात मिळते, तीच वापरा. बॅरलच्या आतही रंगाने 200 लिटरची खूण करा. बहुतेक बॅरल काठोकाठ भरले तरच 200 लिटर होतात, आणि माणसं काठापर्यंत भरत नाहीत.

एवढा काटेकोरपणा कशाला, तर एनएए हे दुधारी औषध आहे. कमी प्रमाणात ते फळ धरून ठेवतं. जास्त प्रमाणात झाडात इथिलीन वाढवतं आणि फळ पाडतं. सफरचंदाच्या बागांत गर्दी झालेली लहान फळं विरळ करायला हेच एनएए वापरतात. तेव्हा "जरा जास्त घालूया, गळ खूप आहे" हा विचार इथे नेमका उलटा पडतो. लिटरला 2 मिली, म्हणजे सुमारे 90 पीपीएम, अशा प्रमाणात मारलेल्या झाडाची कोवळी पानं खाली वळून मुरडलेली दिसतात आणि चार-आठ दिवसांत गळ वाढते. त्यावर उतारा नाही.

वेळ: बहुतांश फळं वाटाण्याएवढी झाली की पहिली फवारणी, पंधरा ते वीस दिवसांनी गोटीला दुसरी. तिसरी नको. फुलं उमललेली असताना मारू नका. अंडाकृतीला मारण्यातही हशील नाही, तोवर ऑक्सिनच्या कमतरतेची गळ संपलेली असते. एनएए उन्हात लवकर नष्ट होतं, त्यामुळे सकाळी दव सुकल्यापासून दहापर्यंत किंवा दुपारी चारनंतर. फळं आणि देठ भिजले पाहिजेत. पानांवरून ओघळणारं पाणी म्हणजे चांगली फवारणी नव्हे. पंचवीस वर्षांच्या कलमाला एचटीपी (जास्त दाबाच्या, लांब नळीच्या) पंपाने 10 ते 15 लिटर द्रावण लागतं, म्हणजे तुमच्या बागेला एका वेळी सहा ते नऊ बॅरल. शेंड्याकडची फळं सुटतात, त्यासाठी लांब नळी आणि आतून वर, बाहेरून आत अशा दोन फेऱ्या घ्या.

हापूस तीन-तीन लाटांत मोहोरतो ही यातली खरी अडचण. एकाच कलमावर दक्षिणेकडे गोटी, उत्तरेकडे कणी आणि आत ताजा मोहोर असू शकतो. अशा झाडाला "बागेचा टप्पा" नसतो. कुठल्या लाटेची फळं जास्त आणि त्यांचा बाजार कोणता, ते ठरवून त्या लाटेच्या वाटाण्याला फवारा, आणि उमललेला मोहोर असलेली बाजू शक्य तेवढी टाळा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मोहोराची चार पेट्या फळं मार्चच्या दराने जातात. त्यांना जपणं बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं.

2,4-डी हेही ऑक्सिनच, आणि फळगळीवर त्याचे प्रयोग झालेले आहेत. तरी आंब्यावर ते वापरू नका, असंच मी म्हणेन. ते तणनाशक आहे, फरक एका दशांश चिन्हाचा असतो, आणि पंपात राहिलेला अंश पुढच्या फवारणीत मिरची-वांग्याची वाट लावतो. तणनाशकाचा पंप आंब्याला लावूच नये, कितीही धुतला तरी.

13:0:45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हे ऑक्सिन नाही, अन्न आहे. वाढत्या फळाला पोटॅश आणि थोडं नत्र पानांवाटे मिळतं, फळं टिकतात आणि वजनही भरतं. विद्यापीठाची शिफारस 1 टक्क्याची, वाटाणा, गोटी आणि अंडाकृती अशा तीन टप्प्यांवर: लिटरला 10 ग्रॅम, बॅरलला 2 किलो. आधी बादलीभर पाण्यात विरघळवा. विरघळताना पाणी थंडगार पडतं, तेव्हा पांढरे खडे तळाशी राहिले तर घाबरू नका, ढवळत राहा. 2 टक्के किंवा त्याहून जास्त, आणि तेही भर उन्हात मारलं, तर पानांच्या कडा करपतात, कोवळ्या फळांच्या सालीवर डाग पडतात. (गंमत म्हणजे हेच पोटॅशियम नायट्रेट फिलिपिन्समध्ये आंब्याला मोहोर आणण्यासाठी फवारतात. रॅमॉन बार्बा या शास्त्रज्ञाचं काम. तिथला आंबा वेगळा, हवा वेगळी. आपल्याकडे त्या हेतूने मारून हापूस मोहोरेल अशी आशा नको.)

एनएए आणि 13:0:45 वाटाण्याला एका टाकीत चालतात. त्यात कीटकनाशक-बुरशीनाशक टाकायचं असेल तर आधी काचेच्या बाटलीत लिटरभर मिश्रण त्याच प्रमाणात करून अर्धा तास ठेवा. गाळ, गुठळ्या, वर तेलकट थर दिसला तर वेगळं मारा. तीनपेक्षा जास्त गोष्टी एकत्र नकोत. नुकसान झालं तर कशाने झालं हेही कळत नाही.

बोरॉनचं काम परागकण रुजवणं आणि परागनलिका वाढवणं, म्हणून ते बोंगे फुटून मोहोर लांबताना, फुलं उमलण्याआधी: 20 टक्के बोरॉन लिटरला 1 ग्रॅम, एकदाच. वाटाण्याला दिलेलं बोरॉन फळधारणेच्या दृष्टीने उशिराचं. आणि बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांतलं अंतर थोडं असतं, दुप्पट करू नका.

कीड-रोगांच्या गळीवर थोडक्यात. भुरीला पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, पण पारा पस्तिशीच्या वर असताना नको, फळं भाजतात. मग हेक्झाकोनॅझोल 5 टक्के, 10 लिटरला 5 मिली. फुलकिड्यांना स्पिनोसॅड 45 टक्के, 10 लिटरला अडीच मिली. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की फुलकिडे दाद देत नाहीत, बदलत राहा. विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक दर काही वर्षांनी बदलतं, चालू वर्षाचं कृषी खात्याच्या गावपातळीवरच्या अधिकाऱ्याकडून घ्या आणि डब्यावरचा काढणीपूर्व कालावधी पाळा, निर्यातीचा माल असेल तर विशेष. आणि मोहोर उमललेला असताना कीटकनाशक मारायचं टाळा. आंब्याचं परागीकरण माश्या, मधमाश्या करतात. त्यांना मारून पुढे परागीकरणाची गळ एनएएने रोखू पाहणं हा उफराटा कारभार आहे. निव्वळ हापूस असलेल्या बागेत ही गळ आणखी वाढते. बागेत किमान दहा टक्के केसर, रत्ना, सिंधू किंवा माणकूर असावेत अशी शिफारस त्यासाठीच आहे. एवढ्या वयाच्या बागेत नवी कलमं लावायला जागा नसेल तर काही फांद्यांवर दुसऱ्या जातीची काडी भरता येते.

आणि पाणी. कातळावरच्या बागेत मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. फेब्रुवारीच्या शेवटी दोन-चार दिवस पूर्वेकडून कोरडा, गरम वारा सुटतो, पारा 37-38 वर जातो, आणि जांभ्याच्या उथळ मातीत ओल नसलेलं झाड पानं वाचवायला फळं सोडून देतं. तो सांधा मग 20 पीपीएमने टिकत नाही. फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, कलमाच्या विस्ताराप्रमाणे 150 ते 200 लिटर पाणी, तीन ते चार वेळा. बुंध्याशी ओतू नका. पाणी शोषणारी मुळं फांद्यांच्या घेराच्या कडेकडे असतात, तिथे आळ्यात द्या आणि वर सुकं गवत किंवा पालापाचोळा वीतभर जाड पसरा. फळधारणा व्हायच्या आधी पाणी सुरू केलं तर मोहोराऐवजी पालवी येते आणि तीही अन्न ओढते. उलट महिनाभर कोरडं ठेवून एकदम टँकरभर पाणी दिलं तर त्या धक्क्यानेही गळ होते. सुरू केलं तर अंतर मोडू नका. 120 कलमांना एका पाळीला 18 ते 24 हजार लिटर लागतं. टँकर परवडत नसेल तर सगळ्यांना अर्धवट पाजण्यापेक्षा जास्त फळं असलेल्या साठ कलमांना पूर्ण द्या.

फळं अंडाकृती झाली की 25 बाय 20 सेंटिमीटरच्या कागदी पिशव्या घातल्याने शेवटची गळ, भाजणं आणि फळमाशी तिन्ही कमी होतात. हाताला लागतील तेवढ्या फांद्यांना घाला. माशीसाठी रक्षक सापळे वेगळे लावावे लागतातच.

फवारणीचा उपयोग झाला की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही, कारण गळ औषध न मारताही काही दिवसांनी थांबतेच. सारख्या मोहोराची चार कलमं निवडा. दोघांना फवारा, दोन कोरडी ठेवा, पाणी मात्र चौघांना सारखंच. प्रत्येक कलमाच्या चारही बाजूंना मिळून वीस मोहोरांना रंगीत नाडी बांधा, फवारणीच्या दिवशी फळं मोजून वहीत लिहा आणि दर आठवड्याला पुन्हा मोजा. फवारलेल्या दोघांवर अंडाकृतीला मोहोरामागे फळं स्पष्ट जास्त दिसली, तरच पुढच्या वर्षी बाटली घ्या. नाही दिसली, तर ते पैसे पाण्याच्या टाकीत आणि गवताच्या आच्छादनात घाला.

फवारताना वारा पाठीवर ठेवा, हातमोजे-मास्क लावा, आणि उरलेलं द्रावण विहिरीच्या कडेला ओतू नका. यंदा तुमची फळं गोटीला पोचली असतील तर एनएएची पहिली फवारणी हुकलेली आहे. आता गोटीची एकच 20 पीपीएमची, सोबत 1 टक्का 13:0:45, आणि फवारणीच्या दोन दिवस आधी पाणी.